कर चालतो, मग माणूस का नको?

बाहेरून आलेल्यांना सरकारी सोयी द्याव्यात का, यावर माझं मत आतापर्यंत ठाम होतं. सोयी देशाच्या नागरिकांसाठीच. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या बैठकीत मी ते ठणकावून सांगायचो. आज ते मत राहिलेलं नाही.

माझा भाचा ब्रिटनमध्ये, लीड्सला नोकरी करतो. व्हिसाचा अर्ज करतानाच त्याला आरोग्य अधिभार भरावा लागला. फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या माणसाला हा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड पडतो, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितका एकरकमी द्यावा लागतो. शिवाय त्याच्या पगारपत्रकावर दर महिन्याला आयकर आणि नॅशनल इन्शुरन्सची कपात असतेच. म्हणजे तिथली आरोग्यसेवा ज्या करांवर चालते ते भरायचे आणि वर तिच्यासाठी वेगळे पैसेही मोजायचे. घरभाड्याची मदत, मुलांचा भत्ता यांवर मात्र त्याने हक्क सांगायचा नाही, ही व्हिसाचीच अट.

"ही तर दिवसाढवळ्या लूट!" मी फोनवर तापलो.

"मामा, मग आपल्या वॉचमनचं काय?" त्याने विचारलं.

आमचा वॉचमन नेपाळचा. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायची मुभा आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत तर नेपाळी कामगार परदेशी धरलाच जात नाही. रात्रभर गेट सांभाळायचं, सकाळी गाड्या पुसायच्या आणि जिन्याखालच्या खोलीत पाठ टेकायची. तो आयकर भरत नाही, हा माझा हुकमी मुद्दा होता. पण त्याच्या मोबाइल रिचार्जवर माझ्याइतकाच १८ टक्के जीएसटी लागतो.

त्याची मुलगी पालिकेच्या शाळेत शिकते, कारण २००९चा शिक्षण हक्क कायदा प्रत्येक बालकासाठी आहे. बायकोचं ऑपरेशन निघालं तेव्हा मात्र गाडी अडली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. त्याच्याकडे दोन्ही नाही. शेवटी सोसायटीत वर्गणी काढली. मी ५०० रुपये दिले आणि चार दिवस दानशूराच्या तोऱ्यात वावरलो. भाच्यासाठी जो हक्क मागत होतो, तो इथे वर्गणीवर भागवला होता.

माझं सगळंच मत पालटलेलं नाही. मतदान नागरिकांनीच करावं. लाडकी बहीणसारख्या रोख रकमेच्या योजनाही त्यांच्यापुरत्याच असाव्यात. चोरून सीमा ओलांडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, तो कायद्याने सोडवावा. पालिकेच्या रुग्णालयात आधीच रांगा आहेत, हेही खरं. पण त्या रांगा खाटा आणि डॉक्टर कमी म्हणून लागतात. त्यातून एका वॉचमनचं कुटुंब वगळल्याने त्या संपणार नाहीत.

जो कायद्याने राहतो, राबतो आणि कर भरतो, त्याला दवाखाना आणि शाळा मिळालीच पाहिजे. राज्य सरकारने करारानुसार आलेल्या कामगारांसाठी पोलीस पडताळणी आणि मालकाचा दाखला एवढ्यावर आरोग्य योजना खुली करावी. तोवर आपल्या हातातलं आपण करू. तुमच्या गेटवरचा माणूस एजन्सीचा असेल, तर त्याचा ईएसआय आणि पीएफ भरला जातो का, हे या महिन्याचं बिल चुकवण्याआधी विचारा. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर ईएसआयमध्ये त्याच्यासोबत घरच्यांचेही उपचार होतात.