कमी पडले

९ प्रश्नांची ती प्रश्नावली भाषांतरासाठी आली तेव्हा वाटलं, एका दुपारचं काम आहे. स्पिट्झर, क्रोंकी आणि विल्यम्स यांची पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली, तर सहसा नैराश्याची शंका घेऊन पुढची तपासणी करतात.

सहावा प्रश्न अपयशाचा, घरच्यांची निराशा केल्याच्या भावनेचा. मी लिहिलं, 'आपल्यामुळे घरच्यांना मान खाली घालावी लागली असं वाटतं का?' मला ते अस्सल मराठी वाटलं. दुसऱ्या भाषांतरकाराने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत नेलं, तर जवळजवळ मुळासारखंच परतलं. समितीने मंजुरी दिली.

आकडे गोळा करण्याआधी, प्रश्न ऐकून काय समजलं हे लोकांनाच विचारायचं असतं. त्यासाठी माण तालुक्यातल्या एका गावात गेलो. ओसरीवर बसलेल्या मावशींनी पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं शांतपणे दिली. दोन आठवडे म्हणजे त्यांच्या हिशेबात दोन बाजार. सहाव्याला मात्र त्या ताठ झाल्या.

"ताई, तसलं काय बी केलं न्हाई मी. इचारा गावात."

गुण ०. सगळे प्रश्न संपल्यावर बेरीज ८.

"मावशी, मघाशी मी काय विचारलं असं वाटलं तुम्हाला?" त्यांना वाटलं होतं, मी त्यांच्या चारित्र्याबद्दल विचारते आहे. मी ओशाळले. मग मला काय म्हणायचं होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या.

"पोराची शाळा सुटली. मी कमी पडले, ताई. रोज वाटतंय."

रोज म्हणजे ३. बेरीज ११.

परतीचं भाषांतर जुळलं, कारण आम्ही दोघं एकच इंग्रजी शिकलो होतो. माझ्या मराठीमागचं इंग्रजी त्याने ओळखलं. मावशींसमोर फक्त मराठी होती.

झिंबाब्वेत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार केली, ती तिथल्या लोकांच्या बोलण्यातून. 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं, हा त्यांचा शब्द. आमच्या गावातही बहुतेक बायका तेच म्हणत होत्या: "लई इचार येत्यात." माझ्या मसुद्यात ते कुठेच नव्हतं.

सहावा प्रश्न आता असा आहे: 'घरच्यांसाठी आपण कमी पडलो असं वाटतं का?' तोही अजून कच्चाच. डॉक्टरांनी गुण न पाहता घेतलेल्या मुलाखतींशी तो पडताळायचा आहे. १० ही सीमारेषा इथे लागू पडते का, तेही.

मावशींना मी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली होती. पुढच्या बाजारी भाजी विकून झाल्यावर त्या दवाखान्यात आल्या.