किडनीच्या फायलीत काविळीची लस

ह्यांचं क्रिएटिनिन चारच्या वर गेलं, तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर सगळ्यात वर हिपॅटायटिस बीची लस लिहिली. दुखणं किडनीचं आणि लस काविळीची, मला काही उलगडेना. ही लस मी नातवाच्या कार्डावर पाहिलेली. 2011 पासून ती देशभर बाळांना सरकारी लसीकरणात मिळते. तारापूर एमआयडीसीत हयात घालवलेल्या माणसाला ती कुणी दिली असणार?

"काकू, उद्या डायलिसिस लागलं तर आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शरीराबाहेर फिरणार," डॉक्टर म्हणाले. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, म्हणून बाधितांचं मशीनच वेगळं ठेवतात. मग डायलिसिसच्या वेळीच टोचू या की, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. किडनी थकते तशी प्रतिकारशक्तीही मंदावते. धडधाकट तरुणांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना ही लस लागू पडते, डायलिसिसवरच्यांत त्याहून बऱ्याच कमी जणांना. साखरेने किडनी बिघडू लागल्याचं आम्हाला केव्हाच कळलं होतं. हे तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

मात्राही दुप्पट, 20 ऐवजी 40 मायक्रोग्रॅम. पहिली टोचली की महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा. बोईसरच्या मेडिकलवाल्याने बाटल्या थंड पिशवीत घालून बजावलं, "फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठली की वाया गेली." डहाणूहून येणाऱ्या लोकलच्या गर्दीत ती पिशवी मी पोटाशी धरून पालघरपर्यंत नेली.

सिस्टरने सुई दंडात दिली. कमरेवर चरबी असते, तिथे लस नीट लागू होत नाही म्हणे. तिनेच सांगितलं, की यापुढे रक्त तपासायला डावा हात पुढे करायचा नाही. डायलिसिससाठी फिस्टुला करायची वेळ आली तर त्या हाताच्या शिरा शाबूत हव्यात. किती गोष्टी आतापासून राखून ठेवायच्या!

शेवटच्या मात्रेनंतर महिन्या-दीड महिन्याने अँटीबॉडी तपासली. निदान दहा हव्यात, ह्यांच्या चौतीस आल्या. मला हायसं वाटलं. पण डायलिसिस सुरू झालं की ही तपासणी दरवर्षी करायची आहे, आणि आकडा दहाच्या खाली आला तर पुन्हा लस. फायलीच्या पहिल्याच पानावर मी ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, मी सोबत नसले तरी मुलाला दिसेल असं.