किल्लीचा कोड कुणाच्या हाती?

नाशिकला गाडीचं काहीही बिघडलं तरी कुणाकडे जायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. वडिलांचा मेकॅनिक ठरलेला, चावीवालाही ठरलेला. लखनौत संसार थाटल्यावर अशी माणसं नव्याने जोडावी लागली, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळ लागला तो चावीवाला शोधायला. टायर किंवा ब्रेक दुरुस्त करणाऱ्याच्या हाती गाडी तासाभरापुरती जाते. किल्ली बनवणाऱ्याला मात्र ती कायमची उघडता येईल, असं ज्ञान आपण देऊन बसतो. परक्या गावात ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो.

लखनौच्या इंदिरानगरमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या जुन्या छोट्या गाडीला दुकानातून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉकिंग आहे. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांच्या यंत्रणा गाडी घेतल्याबरोबर बसवून घ्यायची पद्धत होती, त्या काळातलं. रिमोटची रबरी बटणं वापरून वापरून फाटली होती आणि एका दुकानाने सगळी यंत्रणाच बदलायला सांगितली होती. ‘‘बिटिया, आप ज़रा देख लीजिए,’’ म्हणत ते गाडीची फाइल घेऊन आले. आरसी आणि विम्याच्या कागदांमध्ये त्या यंत्रणेची चार पानी पुस्तिका जपून ठेवलेली होती. पुढचं सगळं काम त्या पुस्तिकेने केलं.

इथल्याच लालबागच्या बाजारातून त्याच मॉडेलचा नवा रिमोट आणला. पुस्तिकेतल्या क्रमाने इग्निशन चालू केलं, डॅशबोर्डखाली वायरींच्या जुडग्यात दडलेलं बटण चाचपून शोधलं आणि सांगितलं होतं तितक्या वेळा दाबलं. सायरन एकदा वाजला. नव्या रिमोटचं बटण दाबताच चारही इंडिकेटर लुकलुकले आणि दारांची कुलपं खटकन बसली. घरातला दुसरा, चालू असलेला रिमोटही लगेच पुन्हा शिकवून घेतला, कारण काही यंत्रणा नवा रिमोट शिकताना जुने विसरतात. सगळे एकाच बैठकीत शिकवायचे असतात. प्राध्यापकांनी पेन काढून पुस्तिकेच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि ती पुन्हा फाइलीत ठेवली.

हे घरी जमलं, कारण त्या यंत्रणेचा इंजिनाशी संबंध नव्हता आणि माहिती मालकाच्या हातात होती. कंपनीतूनच रिमोटची किल्ली घेऊन आलेल्या गाडीचं गणित वेगळं आहे. तिच्या किल्लीत तीन वस्तू एकत्र नांदतात. पहिली धातूचं पातं. ते दार उघडतं आणि इग्निशन फिरवतं. दुसरी रिमोट; त्याचा संदेश आपल्याकडे साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर जातो आणि दर वेळी नवा आकडा पाठवतो, म्हणजे कुणी हवेतून तो संदेश टिपला तरी पुन्हा वापरता येऊ नये. तिसरी वस्तू म्हणजे इमोबिलायझरची चिप, अनेक किल्ल्यांत तांदळाच्या दाण्याएवढी. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून मिळणाऱ्या चुंबकीय लहरींवर ती जागी होते, आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला तो याच कामासाठी.

या तीन भागांतलं घरी काय करता येतं? सेल नक्की बदलता येतो. बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा. लखनौत पौषातल्या धुक्यात पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तेव्हा दमलेला सेल सकाळी हमखास हात टेकतो आणि माणूस समजतो की रिमोटच गेला. फुटलेलं कवच बदलता येतं. फक्त ती इवलीशी चिप जुन्या कवचातून न विसरता नव्यात घालायची. काही गाड्यांत इग्निशन आणि दारांची बटणं ठरलेल्या क्रमाने वापरून रिमोटही शिकवता येतो. पण चिपची नोंद करायला बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडावं लागतं आणि गाडीचा सुरक्षा कोड लागतो. तिथे घराची हद्द संपते.

त्या हद्दीपलीकडे मला लालबागमध्ये एक उस्ताद सापडले. माझ्या गाडीची दुसरी किल्ली करायला गेले तेव्हा त्यांनी आधी आरसी मागितली, माझ्या ओळखपत्रावरचं नाव तिच्याशी ताडून पाहिलं. मग मशीनवर पातं कापलं, पितळेचा बारीक भुगा ब्रशने झाडला, कड बोटाने तपासली. यंत्र पोर्टला जोडल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ‘‘देखिए मैडम, अभी एक चाबी दर्ज है.’’ काम झाल्यावर पुन्हा दाखवलं : आता दोन. डॅशबोर्डवरचा लाल किल्लीचा दिवा विझला, गाडी सुरू झाली. गाडीच्या पोटात किती किल्ल्यांची नोंद आहे हे मालकाला डोळ्यांनी दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिसरी किल्ली कुणी गुपचूप नोंदवलेली नाही, याचा तो पुरावा असतो.

विश्वासाचा हा रिवाज आपल्याला नवा नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यावसायिक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. परमुलखात, परक्या भाषेत, दुसऱ्याचं सोनं हाती घेऊन त्यांनी नाव कमावलं ते चोख कामावर. जोखमीची वस्तू सोपवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये सगळं उघड असलं, की गाव परकं आहे याने फरक पडत नाही.

म्हणूनच मला ठामपणे वाटतं की सुरक्षा कोडही असाच उघडपणे मालकाला मिळायला हवा. आज तो बहुधा कंपनीच्या संगणकात असतो आणि नवी किल्ली अधिकृत दुकानाच्या दराने व सवडीने मिळते. कंपनीने देशातला कारभार गुंडाळला तर मालकाने काय करायचं? जनरल मोटर्सने २०१७अखेर भारतातली विक्री थांबवली, तळेगावचा कारखानाही पुढे बंद झाला. फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या किल्ल्या हरवतच राहणार आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचाही समावेश आहे. किल्लीचा कोड हा त्या हक्काचं पहिलं कलम असायला हवा.

कोड मोकळा केला तर चोरांचं फावेल, हा आक्षेप गंभीर आहे. गाड्या चोरणाऱ्या टोळ्यांकडे प्रोग्रॅमिंगची यंत्रं सापडल्याच्या बातम्या उत्तरेत आपण नेहमी वाचतो. पण याचा अर्थ असा की चोरापाशी साधन आधीच आहे आणि अडतो तो मालक. अमेरिकेत यावर वाट काढली आहे. तिथे नॅस्टफ या संस्थेकडे पार्श्वभूमी तपासून कुलूप-कारागिरांची नोंद होते. कारागीर मालकाची ओळख आणि मालकी तपासतो, कागद ठेवतो आणि मग त्याला कोड मिळतो. लालबागचे उस्ताद आरसी तपासतात तेव्हा स्वतःच्या मनाने हाच नियम पाळत असतात. सरकारने त्याला शिक्का आणि नोंदवही द्यावी.

तोवर आपल्या हाती आहे ते करावं. नवी गाडी घेताना किल्लीबरोबर मिळणारा नंबरचा छोटा बिल्ला काढून घरी फाइलीत ठेवावा. किल्लीच्या जुडग्यात अडकवू नये. जुनी गाडी घेताना किती किल्ल्यांची नोंद आहे ते पाहावं आणि अनोळखी नोंदी पुसून घ्याव्यात. दुसरी किल्ली पहिली चालू असतानाच करावी. शेवटचीही हरवली की खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढतात. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी मूळ किल्ल्या मागते, म्हणून किल्ली हरवली की पोलिसांत नोंद करावी. उत्तर प्रदेशात यूपीकॉप ॲपवरून ती घरबसल्या होते. महाराष्ट्रातून गाडी घेऊन येणाऱ्यांनी तर आरटीओच्या एनओसीबरोबरच दोन्ही किल्ल्या तपासून मगच निघावं. मूळ कागद आणि मूळ दुकान हजार किलोमीटरवर राहिलं, की प्रत्येक छोट्या कामाला तिकडून कुणालातरी पळवावं लागतं.

परगावी राहणाऱ्याला आपल्या वस्तूंची माहिती स्वतःच्या हाती असण्याची गरज सर्वांत जास्त असते. ती माहिती मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो बजावायला गाडी खरेदीच्या दिवसापेक्षा चांगला दिवस नाही. विक्रेता सही मागतो, तेव्हा सही करण्याआधी कोडबद्दल विचारा.