नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे

मुलांनो, आफ्रिकेतल्या केनिया देशात नैवाशा नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. तिथे पाणघोडे आहेत, आणि पक्षी तर विचारूच नका! पण पक्षी पाहायला इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे की!

नैवाशा निसर्गाने घडवलं. आपलं तळं मात्र माणसाने केलेलं. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शेतीसाठी बंधारा बांधला. दरवर्षीच्या पुराबरोबर तिथे गाळ साठत गेला. शेतीला ती अडचणच झाली. पण पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, किडे-मासे आले. पक्ष्यांसाठी जणू पंगतच मांडली गेली!

१९८६ साली इथे अभयारण्य झालं. पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी देशोदेशींचा करार झाला होता. त्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरचं नाव जाहीर झालं. नैवाशा त्या यादीत १९९५ पासून आहे.

हिवाळ्यात हिमालयापलीकडून बदकं येतात. केशरी रंगाचा चक्रवाक ओळखायला सोपा. थापट्या आपल्या पसरट चोचीने पाणी गाळून अन्न टिपतो. काळा वारकरी पाहा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसतो! लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चिखलात डौलात फिरतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नाशिक शहर गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे. आपण नदीत सोडलेलं सांडपाणी वाहत शेवटी या पक्ष्यांच्या ताटात जातं. त्या घाणीवर जलपर्णी फोफावते. तिने पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी होतो आणि बदकांना पोहायला मोकळं पाणी उरत नाही. नैवाशालाही याच जलपर्णीने बेजार केलं आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आई-बाबांबरोबर चापडगावला जा. पहाटेच पोचा, भडक कपडे नकोत, गडबड नको. दुर्बीण आणि वही मात्र हवीच. आणि घरचं निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या मुळाशी घाला. खालच्या अंगाला आपले पाहुणे जेवायला बसलेत, बरं का!