घोणशीचे इस्रायली नातलग

कोकणातील आपल्या वडीलधाऱ्यांना सापांची ओळख कोणी शाळेत करून दिली नव्हती. रेवदंडा, नवगाव, पेण, रोहा या बाजूला शेताच्या बांधावरून अनवाणी चालणाऱ्याला ती आपोआपच होत असे. अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिटीसारखा फूत्कार, ती घोणस. हातभरसुद्धा नाही एवढे, दगडाखाली दबा धरून बसणारे आणि अंगाला अंग घासून करकर आवाज करणारे, ते फुरसे. फणा काढला तर नाग, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असले तर मण्यार, आणि लांबलचक असून माणसाची चाहूल लागताच पळत सुटली तर धामण. दिमोना, बेरशेबा, लोद, रामले येथील आपल्या घरांतून हे ज्ञान आता आजीआजोबांपाशीच उरले आहे. यातले निम्मे येथे जसेच्या तसे उपयोगी पडते. उरलेले निम्मे मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम उपयोगी पडणारे. या देशात विषारी सापाच्या दंशाच्या ज्या घटना होतात त्यांपैकी बहुतेक 'त्सेफा' या सापाच्या असतात. हा त्सेफा आपल्या घोणशीच्याच कुळातला. प्राणिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, डाबोया. तसेच जाडजूड अंग, तसेच मानेपासून वेगळे दिसणारे रुंद, त्रिकोणी डोके, आणि डिवचला तर तसाच फूत्कार. पाठीवर मात्र सुट्या ठिपक्यांऐवजी नागमोडी गडद पट्टा असतो. आणखी एक फरक असा, की घोणस पिलांना जन्म देते आणि त्सेफा अंडी घालतो. 2018 साली त्याला इस्रायलचा राष्ट्रीय साप म्हणून मान मिळाला. घराच्या अंगणात मात्र हा मान त्याला कोणी देत नाही!

तसेच फुरशाचे. नेगेवच्या खडकाळ भागात आणि यहुदी वाळवंटात राहणारा 'एफे' हा फुरशाचा चुलतभाऊच. आकाराने तो थोडा मोठा, पण अंग घासून करकर आवाज करण्याची खोड तीच. हे नाव यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातही आले आहे. ज्या आजीने लहानपणी फुरशाचा तो आवाज ऐकला असेल, तिने तो नातवंडांना तोंडाने काढून दाखवावा. पुस्तकातील चित्रापेक्षा तो अधिक लक्षात राहील.

येथे एक नकली त्सेफाही आहे. 'झामान मतबेओत' नावाचा बिनविषारी साप पाठीवर गडद ठिपके मिरवतो आणि घाबरला की डोके चपटे करून थेट त्सेफाचा आव आणतो. त्याचे ठिपके सुटे असतात आणि डोळ्यांची बाहुली गोल असते, तर त्सेफाची उभ्या चिरेसारखी. पण बाहुली पाहण्याइतके जवळ जाणे हा शहाणपणा नव्हे. दोन-तीन मीटर दूर उभे राहून मोबाइलवर फोटो काढावा आणि पारख जाणत्यावर सोपवावी.

आता घातक निम्मे, म्हणजे काळ्या सापांचे. देशाच्या उत्तर व मध्य भागात उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन-अडीच मीटर लांबीचा काळाकुळकुळीत साप रस्ता ओलांडताना दिसतो. तो 'झामान शाहोर'. त्याला विष नाही. तो म्हणजे येथली धामणच समजा. उंदीर खातो, प्रसंगी दुसऱ्या सापांनाही गिळतो. त्याला मारणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि उंदरांना आमंत्रणही. लोदमधील माणसाने "काळा तो निरुपद्रवी" असे म्हटले, तर ते बव्हंशी चालून जाईल. पण हेच वाक्य घेऊन तो दिमोनाला मुलीकडे राहावयास गेला तर?

दक्षिणेत दोन काळे साप असे आहेत की त्यांच्यापुढे आपले कोकणी ज्ञान लंगडे पडते. 'पेतेन शाहोर' हा नागाच्या घराण्यातला, पण फणा काढीत नाही. फणा नाही म्हणजे नाग नाही, असे मानणाऱ्या आपल्या लोकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. दुसरा 'सराफ एन गेदी', मृत समुद्राच्या परिसरात व नेगेवमध्ये जमिनीखाली राहणारा आणि रात्री बाहेर येणारा. तो किरकोळ अंगाचा, चकचकीत काळा, डोके मानेइतकेच बारीक. पाहून कोणाला भीती वाटणार नाही. त्याचे विष हृदयावर परिणाम करते. त्याचे दात तोंड न उघडता बाजूने बाहेर येतात, म्हणून मानेला धरले तरी तो चावतो. गारुड्याची पकड पाहून मोठे झालेल्या आपल्या पुरुषमंडळींना हे आवर्जून सांगावेसे वाटते. तेव्हा नियम सोपा आहे: दक्षिणेत कोणत्याही काळ्या सापाला हात लावू नये, मेलेला दिसला तरी.

साप भेटतो कोठे? जेथे उंदीर, पाणी आणि आडोसा असेल तेथे. आपल्याकडे वर्षातून दोन वेळा जरा जास्त सावध राहावे. लाग बाओमेरच्या आधी मुले होळीसाठी गावभर फळ्या आणि लाकडे गोळा करतात. नेमक्या त्याच दिवसांत त्सेफा थंडीनंतर हिंडू लागलेला असतो. दुसरी वेळ सुक्कोथची. वर्षभर शेडमध्ये पडलेल्या सुक्काच्या फळ्या व चटया बाहेर काढताना उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यांतून निघालेली पिले आत असू शकतात, आणि पिलालाही विष असतेच. फळी आधी काठीने हलवावी, हातात जाड मोजे व पायांत बूट असावेत. रात्री अंगणात सपाता घालून, दिव्याशिवाय जाण्याची आपल्या बायकांची सवय तर मोडलीच पाहिजे.

दंश झालाच तर काय? आमच्या वसाहतीतील एका मावशीला कुंडी हलवताना साप चावला. शेजाऱ्यांनी मायेने तिच्या पोटरीला दोरी करकचून बांधली. इस्पितळात डॉक्टरांना विषाआधी त्या दोरीचीच चिंता करावी लागली. मावशी बरी झाली, पाय वाचला, पण सूज उतरायला बरेच दिवस गेले. दोरी नको, चिरा देणे नको, तोंडाने ओढणे नको, बर्फ नको, दारूचा घोट तर नकोच. अंगठ्या व बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज झपाट्याने चढते. रोग्याला निजवून, हातपाय मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा आणि 101 ला फोन करावा. सापाच्या मागे धावू नये. प्रतिविष इस्पितळातच मिळते, आणि रोग्याकडे पाहूनच ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात.

साप घरात शिरला पण कोणाला चावला नसेल, तर मुलांना व कुत्र्याला खोलीबाहेर काढावे, दाराच्या फटीत ओले फडके कोंबावे आणि नगरपालिकेच्या 106 या क्रमांकावर साप पकडणारा मागवावा. तो बहुधा पैसे घेतो, म्हणून आकडा आधी विचारावा. हिब्रू कच्ची असलेल्या आजीला दोन शब्द पाठ करून ठेवावेत: 'नहाश बबाइत', म्हणजे घरात साप. पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा नंबरही आठवत नाही.