दंडाचा घेर

आमच्या माधवनगरात मुलींच्या खेळाचे कौतुक नवे नाही. क्रिकेटपटू स्मृती मानधना येथेच लहानाची मोठी झाली. २०२५ साली भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या गल्लीतल्या आजीबाईसुद्धा जाग्या होत्या. पण टीव्हीवरच्या मुलीचे कौतुक निराळे आणि घरातल्या मुलीचे निराळे.

मी कपडे शिवते. आमच्या शेजारची एक मुलगी दोन वर्षांपासून वजन उचलण्याचा सराव करते. परवा ती आईबरोबर कुर्त्याचे माप द्यायला आली. तिच्या दंडाचा घेर वाढला होता. मी म्हणाले, "बाही दोन बोटे सैल ठेवते." आई लगेच म्हणाली, "आता बास कर गं तो खेळ. पोरीचा दंड असा असतो का?" मुलगी काही बोलली नाही. तिने ओढणी दंडावर ओढून घेतली.

मला त्या ओढणीचेच जास्त वाईट वाटले. तीस वर्षे मी बायकांची मापे घेते आहे. शेतात खुरपणाऱ्या, डोक्यावरून पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या बायकांचे दंड आणि खांदे मी पाहिले आहेत. त्यांना कोणी पुरुषी म्हणत नाही. कामाने आलेले बळ चालते, खेळाने आलेले मात्र डोळ्यांत खुपते!

शिवाय ही भीती बरीचशी खोटी आहे. स्नायू भरदार करणारे टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक मुलींच्या शरीरात मुलांपेक्षा फार कमी असते. सरावाच्या सुरुवातीला ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंकडून अधिक चांगले काम करून घेतात म्हणून. सांगलीच्या काजोल सरगरने २०२२ साली पंचकुला येथे खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ती ४० किलो वजनी गटात होती आणि दोन प्रकारांत मिळून तिने ११३ किलो वजन उचलले. बारीक दिसण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मुलींची मात्र मला काळजी वाटते. खेळ चालू आणि पोट रिकामे, असे फार दिवस राहिले तर हाडे ठिसूळ होतात.

हमीदा बानू यांचे नाव तुम्ही ऐकले आहे का? त्या मिर्झापूरच्या, कुस्ती शिकल्या अलीगढला. १९५४ साली बडोद्याला त्यांनी बाबा पहिलवानांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. वर्तमानपत्रे त्यांचे वजन, उंची आणि खुराक छापत. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढे त्या कल्याणला राहिल्या, दूध विकून पोट भरू लागल्या. १९८६ साली त्या वारल्या.

मार्च २०२३ मध्ये सांगलीतच महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने चांदीची गदा जिंकली. या वेळी दगड नव्हते, टाळ्या होत्या. तिचा फोटो मी वर्तमानपत्रातून कापून शिलाई यंत्रामागच्या भिंतीवर लावला आहे. गिऱ्हाइके विचारतात, "ही कोण?" मी म्हणते, "आपल्या सांगलीची." मग बायका माप द्यायचे विसरून तिच्या दंडाकडे बघत राहतात.