दिल्लीच्या द्वारकेत शास्त्रज्ञाची नजर

द्वारका म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सौराष्ट्रातली श्रीकृष्णाची नगरी उभी राहते. दिल्लीकरांची द्वारका मात्र निराळी. पूर्वी पप्पनकलां म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात, विमानतळाच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले हे उपनगर. येथे ना समुद्र, ना सोन्याचे महाल. नावांऐवजी क्रमांक मिरवणारे सेक्टर, रुंद रस्ते आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींच्या रांगा. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथे मेट्रो आली आणि मध्य दिल्ली एकदम जवळ आली.

याच द्वारकेच्या सेक्टर ८ मध्ये राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. १९७७ मध्ये मलेरिया संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. डासांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ या वसाहतीतून चालू लागला, की त्याला आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. पाहुण्याची नजर इमारतींच्या उंचीवर जाते. त्याची जाते गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर, बाल्कनीतल्या कूलरवर आणि कुंडीखालच्या बशीवर.

पाणी साठवणे ही या मुलखाची जुनी सवय. सेक्टर १२ मध्ये इमारतींच्या गर्दीत लोदी काळातली एक बारव आजही आहे. लोहारहेडी गावाची तहान ती भागवत असे. नवी वसाहत उभी राहिली तेव्हा सुरुवातीची कैक वर्षे पाण्याची ओढाताण होती. टँकर आला की पिंप, बादल्या, कळश्या, मिळेल ते भरून ठेवायचे! गृहिणीच्या दृष्टीने हा शहाणपणा. डासांच्या दृष्टीने आयती सोय.

लोक बोट दाखवतात ते नजफगढच्या नाल्याकडे. पण डेंग्यूचा एडिस डास नाल्यापेक्षा घरातले साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिसही उघड्या टाक्यांत सुखाने वाढतो. म्हणजे शत्रू गटारात शोधायचा आणि तो आपल्याच कूलरमध्ये पोसायचा, असा हा प्रकार!

एडिस दिवसा चावतो. त्याचा जोर सकाळी उजाडल्यानंतर आणि सूर्यास्तापूर्वी अधिक. नेमक्या याच वेळी मुले मैदानावर असतात. शेजारच्या नजफगढचा वीरेंद्र सेहवाग २००४ मध्ये मुलतानला ३०९ धावा करून आला. तेव्हा इथल्या पोरांना बॅट सोडायला कोण सांगणार? खेळ बंद करण्याचे कारणही नाही. अंगभर कपडे आणि मैदानाच्या कडेला पाणी न साचू देणे, एवढे पुष्कळ झाले.

आता राजकारण. १९९६ च्या साथीत दिल्लीत डेंग्यूचे १० हजारांवर रुग्ण आढळले आणि ४०० हून अधिक माणसे दगावली. २०१५ मध्ये रुग्णांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली. साथ आली की धुराची यंत्रे गल्लोगल्ली फिरतात. धूर मतदाराला दिसतो, म्हणून पुढाऱ्यालाही आवडतो. पण धुराने मरतात ते उडणारे डास. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. २०१९ मध्ये दिल्ली सरकारने १० आठवडे, दर रविवारी सकाळी १० वाजता, १० मिनिटे घरातले साचलेले पाणी तपासण्याची मोहीम काढली. त्यात धूर नव्हता, पण शास्त्र होते. अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकले तर ती साखळी तुटते.

महाराष्ट्रात यालाच ‘कोरडा दिवस’ म्हणतात. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते. कारण एडिसची अंडी कडांना चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडायचे. ते अळ्या खातात. याच संशोधन केंद्राने १९८३ पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात असे उपाय गावकऱ्यांना बरोबर घेऊन करून पाहिले.

दिल्लीला जाणे झाले तर मेट्रोने द्वारकेत उतरून लोदी काळातली ती बारव जरूर पाहावी. आणि घरी परतल्यावर, बॅगा उघडण्याआधी, प्रवासाला निघताना भरून ठेवलेल्या बादल्या ओताव्यात!